९२ टक्क्यांत तू कुठे आहेस?

"ताई, मी २८ वर्षांची, राहायला नेरूळला. इंजिनीअरिंग झाल्यापासून सहा वर्षं ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे, अमेरिकन विमा कंपन्यांची कामं बघते. पगार वर्षाला १४ लाख, बचत १५ लाख. पुढे कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या कामात जायचंय. जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेत ६२५ आले. एमबीएला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक अमेरिकेत, विद्यापीठाच्या लहानशा गावात, दोन वर्षांचं. निम्मी फी माफ होऊनही सगळा खर्च ७५ लाख. दुसरं उत्तर इंग्लंडमध्ये, एक वर्षाचं, खर्च ५५ लाख. ठाण्यातले आमचे काउन्सेलर म्हणतात, ब्रिटनचंच घे, ९२ टक्के प्लेसमेंट आहे, रँकही वरचा आहे. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेत, ते राहतं घर तारण ठेवायला तयार आहेत. आई म्हणते, जा. दोन्हीकडे पैसे भरायला तीन आठवडे उरलेत. कुठलं कॉलेज चांगलं? आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांना तिथे नोकरी मिळते का हो?"
– नेरूळहून एक वाचक

अगं, ताई म्हटलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

तुझ्या पत्रात खरा प्रश्न सगळ्यात शेवटी आलाय. कॉलेज चांगलं की वाईट हे आपण सगळेच आधी विचारतो, कारण रँक एका आकड्यात सांगता येतो, नातेवाईकांना सांगायलाही सोपा पडतो. पण तू कर्ज काढून जाणार आहेस आणि भारतीय पासपोर्टवर जाणार आहेस. त्यामुळे तुझ्यासाठी प्रश्न एवढाच उरतो: गेल्या दोन वर्षांत त्या वर्गातून, तुझ्यासारखा पासपोर्ट आणि तुझ्यासारखा अनुभव घेऊन जे बाहेर पडले, ते आज कुठे आहेत? याचं उत्तर मिळवता येतं. मात्र ते काउन्सेलरकडे मिळत नाही. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात. म्हणून तुमचे काउन्सेलर खोटंच बोलतात असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला त्या कॉलेजकडून किती मिळतं, हे त्यांना सरळ विचार. संकोच करू नकोस, पैसे तुझ्या घरचे जाणार आहेत.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. २०११मध्ये मीही ठाण्यातूनच एक वर्षाच्या एमबीएला ब्रिटनला गेले. तेव्हा तिथे शिक्षणानंतर दोन वर्षं नोकरी शोधायला आणि करायला व्हिसा मिळायचा, आणि त्याच भरवशावर मी १८ लाखांचं कर्ज काढलं. तो व्हिसा एप्रिल २०१२पासून बंद होणार हे तिथल्या सरकारने मार्च २०११मध्येच जाहीर केलं होतं. मी पैसे भरले मे महिन्यात. ज्यांच्यामार्फत गेले त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही, आणि मीही सरकारी पान उघडून पाहिलं नाही. सप्टेंबर २०१२मध्ये अभ्यासक्रम संपला तेव्हा आमच्या वर्गातल्या भारतीयांपैकी व्हिसा प्रायोजित करणारी कंपनी दोघांनाच मिळाली. मी ठाण्याला परत आले. महापेला नोकरी लागली, हातात ४१ हजार यायचे. त्यातले २७ हजार महिन्याच्या पाच तारखेला बँकेत जायचे. पहिल्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा मी ठाणे स्टेशनवर पनवेल लोकलची वाट बघत उभी होते. मेसेज वाचला आणि समोर आलेली गाडी सोडून दिली, पाय उचलेनात. घरी आल्यावर बाबांनी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त माझा डबा स्वतः धुवायला घेतला. कर्ज फिटायला सात वर्षं लागली. तिथे शिकलेलं वाया गेलं असं नाही, आजही मी नोकरभरतीच्या कामात त्यावरच उभी आहे. पण ती सात वर्षं एक पान वाचून टाळता आली असती, म्हणून तुला इतकं खोलात जाऊन लिहितेय.

तर आधी ते ९२ टक्के. हा आकडा बहुतेक वेळा "नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी" असा असतो, अख्ख्या वर्गापैकी नसतो. ज्यांना त्यांच्या कंपनीनेच पाठवलंय, जे स्वतःचा धंदा काढणार आहेत, घरच्या व्यवसायात परतणार आहेत, ते आधीच बाजूला काढलेले असतात. ज्यांनी कॉलेजला काही कळवलंच नाही त्यांचंही तसंच. आणि नोकरी न मिळालेला मुलगा कॉलेजच्या ई-मेलला उत्तर द्यायला सहसा उत्सुक नसतो, हे तू समजू शकतेस. शिवाय आकडा कधीचा आहे तेही बघ: पदवीच्या दिवशीचा, तीन महिन्यांनंतरचा की सहा महिन्यांनंतरचा? बाजार मंद असला की मोठ्या नावांचंही अडतं. हार्वर्डच्या २०२४च्या वर्गातले नोकरी शोधणारे २३ टक्के विद्यार्थी तीन महिन्यांनंतरही नोकरीविना होते, २०२२मध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. हार्वर्डवाल्यांना मागाहून काहीतरी मिळतंच. तुझ्या दोन कॉलेजांना तसा आधार नाही.

आता मुख्य गोम. अमेरिकेतली बरीच बिझनेस स्कूल्स रोजगाराचा अहवाल एका ठरलेल्या पद्धतीने देतात. त्यात एक तक्ता असतो ज्यात विद्यार्थ्यांचे दोन भाग केलेले असतात: अमेरिकेत कायम काम करण्याची परवानगी असलेले आणि नसलेले. तू दुसऱ्या ओळीत येतेस. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा दोन्ही ओळी एकत्र करून काढलेला असतो. कॉलेजच्या संकेतस्थळावरून ती पीडीएफ उतरवून घे, तो तक्ता शोध आणि टक्के सोडून माणसं मोज. "७५ टक्के" वाचायला बरं वाटतं, पण ती बारापैकी नऊ माणसं असतील तर एक-दोघांच्या नशिबाने तो आकडा इकडचा तिकडे होतो. हा तक्ता अहवालात नसेल, तर करिअर ऑफिसला लिहून विचार: गेल्या दोन वर्षांत व्हिसा लागणारे किती जण नोकरी शोधत होते, सहा महिन्यांत किती जणांना त्याच देशात मिळाली, कोणत्या कंपन्यांत? ब्रिटनच्या कॉलेजलाही हेच विचार. आकडे देणारं कॉलेज आकडे देतं. "आमचे विद्यार्थी जगभर उत्तम काम करत आहेत" असं उत्तर आलं, तर ते उत्तर जपून ठेव, निर्णयाच्या दिवशी उपयोगी पडेल.

त्याच अहवालात नोकऱ्या कोणत्या प्रदेशात लागल्या याचाही एक तक्ता असतो. "आशिया" या ओळीत बरीच माणसं दिसली तर समज की पुष्कळ जण मायदेशी परतलेत. परतण्यात कमीपणा काहीच नाही, पण टक्क्यांत ते "नोकरी लागलेले" म्हणूनच मोजले गेलेले असतात.

रँकबद्दल थोडक्यात. फायनान्शियल टाइम्सच्या यादीत पगाराला मोठं वजन आहे, आणि तो पगार पदवीनंतर तीन वर्षांनी पाहतात. त्यात देशोदेशीच्या महागाईप्रमाणे क्रयशक्तीची दुरुस्ती केलेली असते, म्हणून भारतात नोकरी करणाऱ्यांचे पगार त्या तक्त्यात डॉलरमध्ये फुगलेले दिसतात. आणि स्थानिक विद्यार्थी नि परदेशी विद्यार्थी यांची सरसकट सरासरी असते. तुझ्या ओळीबद्दल रँक काही बोलत नाही. एएसीएसबी, इक्विस, एएमबीए ही मानांकनं असली तर कॉलेज बोगस नाही एवढं कळतं. तिन्ही असलेली बिझनेस स्कूल्स जगात शंभराहून अधिक आहेत, त्यामुळे त्यानेही नोकरीचं काही ठरत नाही.

व्हिसाचं मात्र नीट बसून बघू, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

ब्रिटनने २०१२मध्ये बंद केलेला रस्ता जुलै २०२१मध्ये ग्रॅज्युएट रूट नावाने पुन्हा उघडला, दोन वर्षांसाठी. आता १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. तू येत्या सप्टेंबरला गेलीस तर २०२७च्या शरदात बाहेर पडशील, म्हणजे तुझ्या वाट्याला १८ महिनेच. ते संपल्यावर राहायचं तर परवाना असलेल्या कंपनीने तुला प्रायोजित करायला हवं, आणि जुलै २०२५पासून त्यासाठी साधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना यात काही सवलत असते, पण कंपनी विचार करते तो पुढच्या पाच वर्षांचा. उत्तर इंग्लंडमध्ये लंडनच्या तुलनेत पगार कमी असतात, त्यामुळे ही अट तिथे जास्त बोचते. बरं, एक वर्षाच्या अभ्यासक्रमात उन्हाळी इंटर्नशिप बहुधा नसते. मोठ्या कंपन्यांचे अर्ज शरदातच बंद व्हायला लागतात, म्हणजे तू सामान सोडून बँकेचं खातं उघडेपर्यंत तारखा निघून गेलेल्या असतात. ज्याला आपल्याच क्षेत्रात वर जायचंय त्याला एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. क्षेत्र बदलणाऱ्याला तो फार तोकडा पडतो. तू पत्रात पुढे कन्सल्टिंगमध्ये जायचं लिहिलंयस, म्हणजे बदलच.

एक चांगली गोष्ट अशी की, प्रायोजकत्वाचा परवाना असलेल्या सगळ्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकार संकेतस्थळावर खुली ठेवतं. कॉलेजने ज्या कंपन्यांचे लोगो माहितीपुस्तिकेत छापलेत, त्यातली दहा नावं त्या यादीत शोध. यादीत नाव असणं म्हणजे ती कंपनी तुला घेईलच असं नाही. पण नाव नसेल तर विषयच संपला.

अमेरिकेचं गणित निराळं. तिथे शिक्षणानंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी मिळते. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात नोंदवलेला असेल तर आणखी २४ महिने, एकूण तीन वर्षं. हल्ली बऱ्याच एमबीए स्टेममध्ये गेल्यात, पण कुठे पूर्ण अभ्यासक्रम, कुठे एखादंच स्पेशलायझेशन. व्हिसासाठी कॉलेज जो आय-ट्वेंटी नावाचा कागद देतं, त्यावर अभ्यासक्रमाचा कोड छापलेला असतो. "माझा हाच अभ्यासक्रम स्टेममध्ये आहे का, कोड कोणता?" हे कॉलेजकडून लेखी घे, फोनवरच्या "हो हो"वर विसंबू नकोस. यावर सगळं अवलंबून आहे, कारण पुढे तिथे नोकरी करायला लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाची नोंदणी वर्षातून एकदा, मार्चमध्ये होते. वर्षाला ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार अमेरिकेतली मास्टर्स पदवी असलेल्यांसाठी. मार्च २०२५च्या फेरीत साडेतीन लाखांच्या जवळपास पात्र नोंदण्या आल्या आणि सोडतीने १ लाख २० हजारांची निवड झाली. तीन वर्षं हातात असली तर तुला साधारण तीन वेळा संधी मिळते, एकच वर्ष असलं तर एकदा. ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही, स्टेमची मुदतवाढ मिळाली तर १५०. म्हणजे शोधाशोध पदवीच्या आधीच सुरू करावी लागते.

शिवाय नियम हलताहेत. २०२६पासून ही सोडत पगाराच्या पातळीप्रमाणे वजन देऊन काढायची ठरलीय, वरच्या पातळीच्या पगाराला जास्त संधी. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. अमेरिकेत राहूनच विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्यांना ते लागत नाही असा खुलासा पुढच्या महिन्यात झाला, पण पुष्कळ छोट्या कंपन्यांनी तेव्हापासून हात आखडता घेतलाय. यातून तुझ्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, पगार चांगला देणारी मोठी, या कागदपत्रांची सवय असलेली कंपनीच तुला उपयोगाची. दोन, "आत्ता परत येते, मग इथून अमेरिकेला जाईन" हा रस्ता फार महाग झालाय. तिथल्या कोणत्या कंपनीने कोणत्या वर्षी किती एच-वन-बी मिळवले, हेही सरकारी संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून बघता येतं. ब्रिटनच्या यादीसारखंच, दहा नावं तपास.

कोणी जर्मनी सुचवलं असेल तर तेही बघायला हरकत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि ब्लू कार्डचा, म्हणजे उच्चशिक्षितांना तिथे राहून काम करायच्या परवान्याचा रस्ता बराच सरळ आहे. पण जर्मन भाषा किमान बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत यायला हवी, आणि इंग्रजी एमबीए करून दुपारच्या जेवणाच्या टेबलावर गप्प बसणारी मुलं मी पाहिलीत. कॅनडा मास्टर्सनंतर तीन वर्षांचा परवाना देतो, पण तिथला रोजगाराचा बाजार सध्या फार कडक आहे. या दोन्हीकडे तुझा प्रवेश नाही, तेव्हा इथेच थांबते.

तुझ्या पत्रात तू जी ओळ जाता जाता लिहिलीस, ती मला सगळ्यात मोलाची वाटली: अमेरिकन विमा कंपन्यांची कामं. सहा वर्षं तू क्लेम, पॉलिसी, प्रीमियमची व्यवस्था आतून बघतेयस. परदेशी माणसाला कंपनी घेते तेव्हा व्हिसाचा खर्च आणि कटकट अंगावर घेते. ती कशासाठी घेईल? स्थानिक उमेदवाराकडे जे सहज मिळत नाही त्यासाठी. "आयटी इंजिनीअर आणि एमबीए" अशी आपली मुलं तिथे रांगेने उभी आहेत. विम्याच्या कामात सहा वर्षं मुरलेली मुलगी त्या मानाने विरळा. म्हणून आधी शहर बघ. अमेरिकेत हार्टफर्ड हे विम्याचं जुनं शहर. डे मॉइन, ओहायोतलं कोलंबस, इलिनॉयमधलं ब्लूमिंग्टन इथेही विम्याची मोठी कार्यालयं आहेत. ब्रिटनमध्ये विमा म्हणजे लंडन, लॉइड्सचा बाजार तिथेच. युरोपात म्युनिक आणि झुरिक. तुझं अमेरिकेतलं कॉलेज यांपैकी कशाच्या जवळ आहे, आणि गेल्या वर्षी एखाद्या विमा कंपनीने किंवा विम्याचं काम करणाऱ्या कन्सल्टिंग फर्मने तिथून परदेशी विद्यार्थी घेतला का, हे शोध. घेतला असेल तर छोटं गाव असूनही ते कॉलेज तुझ्या कामाचं. नसेल तर निम्मी फी माफ झाली म्हणून हुरळू नकोस.

कन्सल्टिंगचं स्वप्न सोड असं मी म्हणत नाही. फक्त विम्याच्या दारातून आत जा. ते दार तुला उघडं आहे.

आता घरचा हिशोब. तुझे १५ लाख वजा केले तर अमेरिकेसाठी ६० लाखांचं कर्ज, ब्रिटनसाठी ४० लाखांचं. व्याज ११ टक्के, फेड दहा वर्षं धरते. शिकत असतानाचं व्याज मुदलात मिळवलं तर अमेरिकेचा आकडा ७० लाखांच्या घरात जातो आणि हप्ता महिना ९६ हजारांच्या आसपास बसतो. ब्रिटनचा ४५ लाखांचा हप्ता ६२ हजार. अमेरिकेत नोकरी लागली तर ९६ हजार म्हणजे साधारण अकराशे डॉलर, काटकसरीने राहून सहज निघतात. ब्रिटनमध्ये ४५ हजार पौंडांची नोकरी लागली तर हातात महिना तीन हजार पौंडांच्या जरा आत येतात. त्यातून घरभाडं जाऊन हप्ता निघतो, जेमतेम.

पण मी तुला हा हिशोब दुसऱ्या बाजूने मांडायला सांगणार आहे. समज, नोकरी लागली नाही आणि तू नेरूळला परत आलीस. आत्ताच्या १४ लाखांवर तुझ्या हातात महिना ९५ हजार येत असतील, म्हणजे अमेरिकेचा हप्ता तुझा अख्खा पगार खाईल. परतल्यावर २४ लाखांची नोकरी लागली असं धरलं, हातात दीड लाख, तरी ९६ हजार म्हणजे जवळपास दोन तृतीयांश गेले. माझं मोजमाप असं आहे: इथे परतून जी नोकरी खात्रीने मिळेल तिच्या हातातल्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या वर हप्ता नको. दीड लाखाचे ४० टक्के म्हणजे ६० हजार. त्यात अमेरिकेचं कर्ज ३५ ते ३८ लाखांपर्यंतच बसतं. ब्रिटनचं कर्ज यात बसल्यासारखं दिसतं, पण उत्तर इंग्लंडमधल्या त्या कॉलेजचं नाव इथल्या कंपन्यांनी ऐकलेलंच नसेल तर २४ लाख कुठून येणार? तिथे १८ धर, म्हणजे तोही हप्ता जड होतो.

हा हिशोब जाण्याआधी वहीत, बाबांच्या समोर बसून कर. आकडे त्यांच्या हाताने लिहू दे.

आणि घर तारण ठेवू नका. हे मी निक्षून सांगते. तुमचं घर सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर असणार, त्याला तारणासाठी सिडकोचं ना-हरकत पत्र वगैरे सोपस्कार आहेतच. पण मुद्दा तो नाही. बाबा निवृत्त आहेत, त्यांना दुसरं घर घ्यायला आयुष्यात पुन्हा संधी नाही. शिवाय विनातारण कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्था कॉलेजांच्या याद्या ठेवतात. आपले पैसे परत येतील का याचा अभ्यास त्यांनी केलेला असतो. दोन्ही कॉलेजांची नावं घेऊन अशा दोन-तीन ठिकाणी जा आणि तारण न ठेवता किती मिळेल ते विचार. ज्या कॉलेजसाठी ते घराशिवाय पैसे द्यायला तयार नाहीत, त्याबद्दल त्यांचं मत तुला फुकटात कळेल.

तीन आठवड्यांत हे सगळं होतं, घाबरू नकोस. सगळ्यात जास्त वेळ फोनना दे. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा भाग असतो, त्यात पदवीचं वर्ष टाकता येतं. गेल्या दोन वर्षांतले भारतीय शोध, दोन्ही कॉलेजांचे मिळून सहा जण गाठ. कॉलेजने "आमच्या विद्यार्थ्याशी बोला" म्हणून दिलेली नावं यात धरू नकोस. मराठी आडनाव दिसलं तर सरळ मराठीत लिही, माणूस पटकन मोकळा होतो. "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नकोस, सगळे "छान आहे" म्हणतात. विचार: तुमच्या वर्गात आपले किती जण होते? आज त्या देशात किती आहेत? तुला नोकरी कॉलेजमुळे लागली की स्वतःच्या ओळखीने? आज पुन्हा एवढंच कर्ज काढून जाशील का? शेवटच्या प्रश्नानंतर तू बोलू नकोस, त्यांना बोलू दे.

माझं मत विचारलंस तर ब्रिटनचं हे कॉलेज मी सोडून देईन. तुझ्या अनुभवाला लंडन हवं आणि कर्ज फेडायला तिथे काम करण्याची जास्त मुदत हवी, त्या कॉलेजात दोन्ही नाही. अमेरिकेच्या कॉलेजला याच आठवड्यात लिही: शिष्यवृत्ती वाढवता येईल का, आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. तुझा अनुभव आणि दुसऱ्या प्रवेशाचा उल्लेख सभ्यपणे कर, अशी विनंती केल्याने मिळालेला प्रवेश सहसा कोणी काढून घेत नाही. कर्ज ३८ लाखांच्या आत आलं, स्टेमचं लेखी मिळालं आणि फोनवर विमा कंपनीत लागलेला एक तरी माणूस सापडला, तर खुशाल जा. यातली एकही गोष्ट हुकली, तर या वर्षी थांब.

थांबणं म्हणजे हातचं घालवणं असं आईला वाटेल, तिला समजावून सांग. तू २८ची आहेस, एमबीएच्या वर्गात हे वय अगदी मध्यावरचं असतं. जीमॅटला ६२५वरून ६४५-६५५पर्यंत गेलीस, की विनातारण कर्ज मिळवून देणारी कॉलेजं आवाक्यात येतात. नव्या जीमॅटमधले ६४५ म्हणजे जुन्या ७००च्या तोडीचे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत अर्ज कर, शिष्यवृत्तीचे पैसे तेव्हा जास्त शिल्लक असतात. आणि त्याच वेळी इथल्या अनुभवी लोकांसाठीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांचे अर्जही भर: हैदराबाद-मोहालीचं आयएसबी, अहमदाबाद, बंगळूर, कलकत्त्याची आयआयएम. खर्च इथेही तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो, पण पदवीच्या दुसऱ्या दिवशी कोणी परत जा म्हणत नाही. विमा कंपन्यांची मोठी तंत्रकेंद्रं आज भारतातही आहेत, आणि तिथून कंपनीच्याच बदलीवर परदेशी गेलेली माणसं तुझ्याच ऑफिसात भेटतील. त्यांच्याशीही एकदा बोल.

बाबांना माझा नमस्कार सांग, आणि घराची कागदपत्रं काढून ठेवली असतील तर कपाटात परत ठेवायला सांग. सहा फोनांपैकी निदान चार झाले, की मला लिही. कोणाचीही नावं नकोत, फक्त आकडे कळव: वर्गात आपले किती होते, आणि आज तिथे किती आहेत.